रांगोळीच्या भिंती

मेहेंदळ्यांच्या घरात पर्याय दोन असले की मतं चार निघतात. पुण्याबाहेर, मांजरी गावातल्या त्या गोदामात तर पर्यायच तीन होते. तेव्हा सकाळी अकराला सुरू झालेला वाद दुपारी दोन वाजता, पोळी-भाजीचे डबे उघडून झाल्यावरही, चालूच होता यात कुणी नवल मानू नये.

गोदाम सांभाळणारे बाबुराव मात्र शांत होते. मांजरीचेच गृहस्थ, पांढरा सदरा, कानावर पेन. त्यांनी चौथ्यांदा सांगायला घेतलं.

"हे बघा साहेब. पैली लाकडी पेटी. सामान भरायचं, खिळे मारून सील करायचं, क्रेननी वर चढवायचं. तुमची बिल्डिंग उभी ऱ्हायली की फोन करा, पेटी दारात. मधी उघडायची न्हाई. दुसरं, वरच्या मजल्यावरचं युनिट, दहा बाय दहा. लिफ्ट हाय, तुमचं कुलूप, तुमची किल्ली. थंड ऱ्हातं, लाकडाला बुरशी येत न्हाई. आन् तिसरं हे खालचं, शटरवालं, वीस बाय तीस. गाडी दारापतुर येती. कवाबी या, कवाबी जा. पन मावशी, तुमच्या सामानाला येवढं लागत न्हाई. हितं जागा आडवी वापरत न्हाईत, उभी वापरत्यात. रचायचं एकावर एक."

"पेट्या," केदार म्हणाला.

"वरचं युनिट," त्याची धाकटी बहीण स्वराली म्हणाली. "मधे एखादी वस्तू काढावीशी वाटली तर?"

"खालचं," दोघांची आई सुहासिनीबाई म्हणाल्या. "आणि रचायचं नाही. मांडायचं."

कसबा पेठेतली त्यांची सोसायटी रिकामी करून नऊ दिवस झाले होते आणि पाडकामही सुरू झालं होतं. नवी इमारत तीन वर्षांनी, म्हणजे बिल्डरच्या तोंडची तीन. तोवर केदारच्या ऑफिसला सोयीचा म्हणून येरवड्याला भाड्याचा फ्लॅट घेतला होता, आणि त्यात न मावणारं सगळं सामान या गोदामाच्या मोकळ्या फरशीवर येऊन पडलं होतं. आठ दिवस असं उघड्यावर ठेवायची सवलत आज संपत होती. आज कुठलं तरी एक युनिट ठरवायलाच हवं होतं.

पण खरा प्रश्न सामानाचा नव्हताच. खरा प्रश्न बाहेर गाडीत, काच अर्धी खाली करून, उसाच्या फडावरून येणारा वारा तोंडावर घेत बसला होता.

सुहासिनीबाईंच्या यजमानांची, श्यामसुंदर मेहेंदळ्यांची, दृष्टी जाऊन अकरा वर्षं झाली होती. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि दोन वर्षांत काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. पण कसब्यातल्या तीन खोल्यांत हा माणूस आंधळा आहे हे पाहुण्याला तासभर कळायचं नाही. चहा स्वतः करायचे. गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालायचे, तेही बरोबर मुळाशी. येरवड्याला गेल्यावर दुसऱ्याच सकाळी ते न्हाणीघर समजून कपाटावर आदळले आणि पडले. हाड मोडलं नाही, पण दुसरंच काहीतरी मोडलं. त्या दिवसापासून कुणी हात धरल्याशिवाय ते खुर्चीतून उठले नव्हते.

"तीन वर्षं ते असे बसले ना, तर परत उठायचे नाहीत," सुहासिनीबाई म्हणाल्या. हळू बोलत होत्या. मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या या बाईंना हल्ली असं हळू बोलायची सवय लागली होती. "आपलं घर इथे जसंच्या तसं मांडू. दर रविवारी त्यांना आणू. चार पावलं आपल्या घरात चालले की पायांना आठवण राहील."

"आई, नव्या घराचा प्लॅनच वेगळा आहे," केदारने मोबाईल पुढे धरला. "हॉल पश्चिमेला. ओटा दुसऱ्या भिंतीला. बाबा इथे जे घोकतील ते तिथे नसणारच आहे."

"मग बिल्डरला सांग."

"सांगतो ना. म्हणतो, आईची इच्छा आहे, टॉवर जरा फिरवून बांधा."

"दादा, प्लीज," स्वराली म्हणाली. "सरकॅझम नंतर. ती काय मागतेय एवढं? भाडं आपण शेअर करू."

"भाड्याचं नाहीच बोलत मी. मी म्हणतोय, एखाद्याला खोटं घर दाखवून काय मिळणार?"

मग सगळ्यांनी राजनंदिनीकडे पाहिलं. केदारची बायको, माहेर वर्ध्याचं. दहा वर्षं पुण्यात काढूनही वादात शेवटी बोलायची तिची पद्धत सुटली नव्हती.

ती पेट्यांच्या बाजूने बोलणार हे केदारने गृहीतच धरलं होतं, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. त्या घरात दहा वर्षं तिने एक स्टूलही वीतभर सरकवलं नव्हतं. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी तिने पाट भिंतीला उभा केला होता आणि सासरे त्याला अडखळले होते. त्यानंतर सासूबाईंनी जे बोलून घेतलं ते तिला अजून पाठ होतं. अशा घरातून सुटका झाली म्हणून एखादी नाचली असती. येरवड्याच्या नव्या फ्लॅटमध्ये पहिल्या रात्री तिला गाढ झोप लागली होती आणि सकाळी त्याची लाजही वाटली होती. पण गेले आठ दिवस ऑफिसला निघताना तिला सासरे दिसायचे ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलेले. संध्याकाळी परत यावं तर तसेच. एसटी स्टँडवर गाडी चुकलेला माणूस बसतो तसे.

"आई म्हणतात तसं एकदा करून पाहू," ती म्हणाली. "आत्ता, इथेच. सामान उघड्यावरच तर आहे. बाबा चालले तर खालचं युनिट. नाही चालले तर पेट्या."

"राज, तू?" केदार तिच्याकडे बघतच राहिला.

"हो, मीच. मला काय भावना नाहीत काय?"

सुहासिनीबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग पिशवीत हात घालून त्यांनी स्टीलचा एक डबा बाहेर काढला. त्यात रांगोळी होती. म्हणजे बाई ठरवूनच आल्या होत्या.

मग पुढचा तासभर मांजरीच्या त्या गोदामात जे झालं ते नंतर कुणाला सांगितलं तर कुणी खरं मानलं नसतं. सुहासिनीबाई कमरेत वाकल्या आणि सिमेंटच्या फरशीवर चिमटीतून पांढरी रेघ सोडत चालायला लागल्या. टेप नाही, दोरी नाही. पावलापुढे पाऊल टाकून मोजत होत्या. ही बाहेरची खोली. इथे दार. हा मधल्या खोलीचा उंबरा. हे स्वयंपाकघर, ही मोरी, ही गॅलरी. रेघ कुठे हलली नाही की तुटली नाही. दोन हमाल त्यांच्या मागून पलंग, कपाट, टेबल, पाण्याचं पिंप उचलून आणत होते. "थोडं डावीकडे, भाऊ. अजून. बास." पलंगाच्या पायाखाली कसब्यात एक लाकडी चकती असायची, तीसुद्धा बाईंनी पर्समधून काढून दिली.

छतात मधेमधे पत्र्याऐवजी प्लास्टिकच्या पट्ट्या होत्या. त्यांतून दुपारचं ऊन गाळून आल्यासारखं येत होतं आणि त्यात धूळ अगदी सावकाश तरंगत होती. कुठेतरी लांब उसाचं पाचट जळत असावं. तो गोडूस वास आत येऊन घुटमळत होता. आणि त्या उजेडात भिंतींवाचून, छतावाचून एक घर उभं राहत होतं. झोपेत एखादं जुनं घर दिसतं तसं. सगळ्या खोल्या एकदम दिसतात आणि कुठलंच दार उघडावं लागत नाही. राजनंदिनीला वाटलं, इतकी वर्षं आपण इथे वावरलो आणि हे किती लहान होतं! एका नजरेत मावतंय की.

गंमत म्हणजे सगळे दारातून ये-जा करायला लागले. स्वराली गॅलरीतून मधल्या खोलीत यायला वळसा घालून आली. केदारचा फोन वाजला तेव्हा तोही, तोंडाने "वेडेपणा आहे सगळा" म्हणत, बरोबर बाहेरच्या दारातून बाहेर गेला. बाबुरावांनी उंबऱ्याशी चपला काढल्या. हमालांनी एकमेकांकडे बघून आपल्याही काढल्या.

"कपबशा ठेवू का ओट्यावर?" स्वरालीने विचारलं आणि खोकं हातात घेऊन उभी राहिली, कारण ओटा नव्हता. तिने ते खोकं खाली ठेवलं आणि विषय सोडून दिला. तेव्हाच कुणीतरी विचार करायला हवा होता. पण स्वप्नात असताना विचार कोण करतो?

श्यामसुंदररावांना केदारने हात धरून आणलं. रस्त्यात सगळं समजावून सांगितलं होतं. दाराशी आल्यावर सुहासिनीबाई म्हणाल्या, "आलं बघा घर. सोड रे त्यांचा हात."

श्यामसुंदररावांनी चपला काढल्या आणि आत पाऊल टाकलं.

पहिली गोष्ट त्यांना कळली ती ही, की इथे आवाज परत येत नाही. कसब्यात खाकरलं तरी खोली उत्तर द्यायची. कपाट कुठे, पडदा कुठे, दार उघडं की लोटलेलं, सगळं त्या उत्तरात असायचं. इथे त्यांनी घसा साफ केला आणि तो आवाज वर कुठेतरी गेला तो गेलाच. दुसरी गोष्ट कळली तळपायाला. बारीक, खरखरीत पूड. त्यांनी अंगठा किंचित घासला. रांगोळी. रेघ काढलीय हिने. अगं वेडे, कुणासाठी?

पण समोर घरातले सगळे वाट बघत उभे आहेत हेही त्यांना ऐकू येत होतं. केदारचा नाकातून येणारा श्वास, स्वरालीच्या बांगड्या, आणि बायकोचं, सुहासचं, तर काहीच नाही. त्या नसण्याच्या दिशेने त्यांनी अंदाजाने तोंड केलं आणि चालायला लागले. चार पावलं, आणि खुर्चीची पाठ हाताला लागली. सहा पावलं, टेबलाचा कोपरा, तोच टवका उडालेला. उंबऱ्याच्या जागी त्यांनी सवयीने पाय उचलला.

"बाबा!" स्वरालीच्या तोंडून गेलं. ती रडत होती. "दादा, बघ ना, ते चालतायत!"

केदारही मनात म्हणाला, घेऊ खालचं युनिट. मरू दे लॉजिक.

श्यामसुंदरराव स्वयंपाकघरात शिरले. आणि अकरा वर्षांच्या सवयीने, पिंपाशेजारी आल्यावर, त्यांनी डावा तळहात ओट्यावर टेकला.

ओटा पाडलेल्या बिल्डिंगच्या राडारोड्यात गेला होता. तळहात हवेत गेला, मागोमाग खांदा गेला, आणि सगळा माणूस पुढे कोसळला. राजनंदिनी जवळ होती म्हणून. तिने त्यांना अंगावर झेललं. दोघंही गुडघ्यांवर आले.

"झालं समाधान?" केदार ओरडला. भीतीने ओरडला, पण ओरडलाच. "ओटा कुठाय, आई? भिंती कुठायत? बाबा भिंतीला हात लावून चालायचे! तू रांगोळी काढलीस! त्यांना दिसत नाही गं, आई! त्यांना रांगोळी दिसत नाही!"

बाहेरच्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर धडधडत गेला.

सुहासिनीबाईंनी आपल्या बोटांकडे पाहिलं. पांढरी झालेली बोटं. एखाद्या पोराने शाळेत पाटी पुढे करावी आणि सगळंच गणित चुकलेलं असावं, तसा त्यांचा चेहरा झाला.

"खरंच की," त्या म्हणाल्या. "माझ्या लक्षातच आलं नाही रे."

"आई, दादाचं बरोबर आहे," स्वराली डोळे पुसत हलकेच म्हणाली. "आपण नको हे करायला. आज वहिनी होती. दर रविवारी कोण असणार?"

"अकरा वर्षं झाली," सुहासिनीबाई कुणाकडेच न बघता बोलत होत्या. "ह्यांची औषधं मी देते, ह्यांचे डॉक्टर मला पाठ. तरी मला कधी वाटलंच नाही की ह्यांना दिसत नाही. आंधळ्या माणसाबरोबर राहतेय असं एक दिवस वाटलं नाही मला." मग त्या बाबुरावांकडे वळल्या. "भरा पेट्या. माझं आता काही म्हणणं नाही."

आणि त्या रांगोळीच्या घरातून बाहेर पडल्या. दारातून नाही, सरळ भिंतीवरून. लांब जाऊन एका गुंडाळलेल्या गादीवर बसल्या.

श्यामसुंदरराव उभे राहिले होते. गुडघा झटकत म्हणाले, "सुहास कुठे आहे?"

"इथेच आहे, बाबा," केदार म्हणाला.

"इथेच हा काही पत्ता नाही. कुठे?"

"समोर. लांब. बसलीय. चला, नेतो." त्याने त्यांचा हात धरला.

"हात सोड आधी." आठ दिवसांत त्यांचा आवाज इतका चढला नव्हता. "सगळे मिळून माझे पाय कुठे ठेवायचे ते ठरवताय सकाळपासून. पेटीत की युनिटमध्ये. एकदा मला विचारा की. मी कसब्यात कसा चालायचो?"

"पावलं मोजून," स्वराली म्हणाली.

"मोजली. पहिलं वर्षभर मोजली. मग सोडून दिली. तुमची आई असताना मोजायची गरज काय होती? ही बाई सकाळी पाचपासून बोलायची. दुधाच्या पिशवीशी बोलायची, कुकरशी भांडायची, मी बातम्या ऐकत असलो तरी मधेच शेजारच्यांच्या मुलाचं लग्न. तिचा आवाज स्वयंपाकघरातून आला की मोरी उजव्या हाताला. गॅलरीतून आला की पलंग पाठीशी. टेलिफोन खात्यात आयुष्य गेलं माझं, आवाज कुठून येतो एवढं मला कळतं. येरवड्याला आल्यापासून ही गप्प आहे. मी पडल्यापासून तर दबकत चालते. हात धरते, नेते, बसवते, पण तोंडातून शब्द नाही. ती घरात आहे की नाही हेसुद्धा मला कळत नाही. मग मी उठून जायचं कुणाकडे?"

गादीवरून एक बारीक आवाज आला. "मला वाटलं, मी बोलले तर तुमचं लक्ष जाईल. पाऊल चुकेल."

"आता कळलं कुठे आहेस. बोलत राहा."

"काय बोलू?"

"शेहेचाळीस वर्षांत हे पहिल्यांदा विचारतेयस."

स्वरालीला रडता रडता हसू फुटलं. केदारने वडिलांच्या मागे दोन्ही हात पसरून जागा घेतली, क्रिकेटमधल्या स्लिपसारखी. राजनंदिनीने त्याचा एक हात धरून खाली केला. थोड्या वेळाने दुसरा त्याने आपण होऊन खाली घेतला.

बाबुराव कानावरचं पेन काढत खाकरले. "मावशी, मग लिहू काय? पेटी?"

सुहासिनीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग मान वर केली आणि बोलायला लागल्या. आधी आवाज फाटला, मग वर्गात यावा तसा लागला.

"लिहा. पेट्याच. आणि नीट लिहा, मागाहून ऐकून घेणार नाही. पलंग सोडवून भरा, त्याचे बोल्ट एका फडक्यात बांधा. कपाट आडवं नाही ठेवायचं, आरसा आहे त्याला. गाद्या भरू नका, तीन वर्षांत त्यांचं काय होईल देव जाणे, देऊन टाका कुणाला."

श्यामसुंदररावांनी पाऊल उचललं. पिंपाला वळसा घालून निघाले. स्वयंपाकघराची भिंत त्यांच्या पायाखाली पुसली गेली.

"पिंप मोडीत काढा. पितळी डबे स्वराली नेईल. नको म्हणालीस तरी ने. देव्हारा आधीच येरवड्याला गेलाय. आता त्या खुर्चीच्या थोडं उजवीकडून या— अहो, तुम्हाला म्हणतेय! हां. तर ती खुर्ची पेटीत. टेबल पेटीत."

मधल्या खोलीची भिंत गेली. मग गॅलरी. पांढरी पावलं सिमेंटच्या फरशीवर एकामागून एक उमटत होती, थोडी वाकडी, पण थांबत नव्हती. हमाल बाजूला सरकून उभे होते. सुहासिनीबाई उठून पुढे झाल्या नाहीत. हात पुढे करावासा वाटत होता, तो त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता आणि गालांवरून पाणी वाहत असताना एकेक भांडं, एकेक पाट नावानिशी घालवत होत्या.

श्यामसुंदररावांच्या बोटांना त्यांचा खांदा लागला. त्यांनी तो घट्ट धरला.

"पोचलो," ते म्हणाले. "आता श्वास घेतलास तरी चालेल."

"मधे बोलू नका," सुहासिनीबाई म्हणाल्या. "हं, बाबुराव, पुढे लिहा."